डोकं बघणारं कुणीतरी

ताप आला, जुलाब झाले, अंगावर पुरळ उठलं, तर माणसं दवाखान्याच्या दारातूनच सांगायला सुरुवात करतात. उवांचं तसं नाही. नालासोपाऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात उवांची तक्रार घेऊन सहसा कुणी येत नाही. "डोक्याला खाज सुटते", "कोंडा फार झालाय", "मानेला गाठ आलीये" असं सांगत येतात. मुलीचं डोकं दिव्याखाली धरून कानामागचे केस दोन बोटांनी बाजूला केले की आधी आईचा चेहरा उतरतो आणि मग ठरलेलं वाक्य येतं : "डॉक्टर, आमच्याकडे असं नसतं हो. शाळेतून आणल्यात." शाळेतल्या बाईंना विचारावं तर त्या म्हणतात, घरून येतात. संकुलातल्या आया म्हणतात, वस्तीतून येतात. वस्तीतल्या आया म्हणतात, गावाहून आल्या. उवा कुणाच्याच नसतात, हे या दुखण्याचं पहिलं लक्षण मानायला हरकत नाही.

शिक्षिका, आशाताई आणि आश्रमशाळांच्या अधीक्षिका यांच्या हाताशी असावी म्हणून तयार झालेल्या या छोट्या पुस्तिकेला प्रस्तावना लिहायला घेतली तेव्हा दोन पानं पुरतील असं वाटलं होतं. औषधाचं प्रमाण, दिवसांचं कोष्टक, फणी कशी धरायची याची चित्रं, हे सगळं आत आहे आणि नीट आहे. पण कोष्टकात न मावणारी एक गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय कोष्टक कुणी पाळणार नाही. नुसत्या बाटलीने उवा जात नाहीत. कुणीतरी उजेडात, हाताशी फणी घेऊन, अर्धा-पाऊण तास निवांत बसून डोकं बघावं लागतं, आणि तेही एकदा बघून भागत नाही. वसई-विरारमध्ये औषध कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं. मिळत नाही तो हा अर्धा-पाऊण तास.

3 जुलै 2009 ला विरार, नालासोपारा, वसई आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि भोवतालची गावं मिळून इथे महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 12 लाखांवर होती, आणि त्यानंतर नालासोपारा पूर्वेला धानीव-पेल्हारपर्यंत चाळी उठतच राहिल्या. या चाळींतली आई पहाटे डबे भरून स्टेशन गाठते. अंधेरी, दादर नाहीतर चर्चगेट करून रात्री आठला घरात पाऊल टाकते तेव्हा नळाला पाणी यायची वेळ झालेली असते, नाहीतर टळून गेलेली असते. त्यात मुलीचं डोकं कधी बघायचं? सकाळी पाच मिनिटांत तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घालायच्या, रिबिनी बांधायच्या आणि पळायचं. वेणी जितकी घट्ट, तितकं आतलं काही दिसत नाही. केस खऱ्या अर्थाने मोकळे होतात ते रविवारी न्हाताना, आणि रविवारी तर आठवडाभराची सगळीच कामं रांग लावून असतात.

पश्चिमेकडच्या वाड्यांमध्ये, आगाशी, निर्मळ, भुईगावच्या बाजूला, जुन्या बायका अजून सांगतात की दुपारची भांडी झाली की पडवीच्या पायरीवर एकीमागे एक बसायचं. वरच्या पायरीवरची खालचीचं डोकं बघणार, खालची तिच्या खालचीचं. लिखा ओढता ओढता गावाची सगळी बित्तंबातमी कळायची. म्हणून जुने दिवस फार चांगले होते असं मी म्हणणार नाही. उवा तेव्हाही भरपूर होत्या. पण आठवड्यातून दोनदा डोकं बघायचं हे कोष्टक त्यांना कुणी छापून द्यावं लागलं नव्हतं. फणीही घरात असायचीच, सुया-पोत विकणाऱ्या वैदिणीकडून घेतलेली, एका बाजूला जाड दात आणि दुसऱ्या बाजूला बारीक. ही रचना किती जुनी असावी? इस्रायलमधल्या लाखीश इथे सापडलेल्या एका हस्तिदंती फणीवर कनानी लिपीत कोरलेली ओळ 2022 मध्ये वाचली गेली. फणी अंदाजे 3,700 वर्षांपूर्वीची आणि ओळीचा आशय असा की, या दाताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जावोत. तिलाही एका बाजूला विरळ दात आणि दुसऱ्या बाजूला दाट. एका दातावर उवेच्या पिल्लाच्या कवचाचे अवशेषही मिळाले. म्हणजे फणी तिचं काम करत होती.

आता उवेकडे जवळून बघू. पांढऱ्या कागदावर फणी झटकली की तिळाएवढा भुरकट ठिपका पडतो. क्षणभर मेल्यासारखा पडून राहतो, मग चालू लागतो, पण धड चालता येत नाही. गुळगुळीत कागदावर त्याचे पाय लटपटतात. ते पाय केसांसाठीच घडलेले आहेत. सहा पाय, प्रत्येकाच्या टोकाला एक आकडी, आणि आकडी मिटली की आत केसापुरतीच जागा उरते. केसांतून मात्र ऊ मिनिटाला वीतभर सहज पळते. म्हणूनच कोरड्या केसांत भांग पाडून बघितलं की ती दिसत नाही. उजेड पडताच ती बाजूला सरकलेली असते. तिला पंख नाहीत आणि उडी मारण्याजोगे पायही नाहीत. दिवसातून अनेकदा रक्त प्यावं लागतं, त्यामुळे डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. मादी दिवसाला सहा ते दहा अंडी घालते आणि प्रत्येक अंडं केसाला, अगदी मुळाशी, गोंदाने चिकटवते, कारण ते उबवायला डोक्याची ऊब लागते. हीच लीख. सात ते दहा दिवसांत ती फुटते, बाहेर आलेलं पिल्लू तीनदा कात टाकतं आणि पुढच्या नऊ ते बारा दिवसांत पूर्ण वाढून स्वतः अंडी घालायला तयार होतं. उवेचं आयुष्य सगळं मिळून महिनाभराचं.

एवढं कळलं की घरातली निम्मी भांडणं मिटतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मुळापासून दीड-दोन सेंटिमीटर दूर, पांढरी शुभ्र, चमकणारी लीख दिसली तर ते बहुधा जुनं रिकामं टरफल आहे. मुळाला चिकटलेली, तपकिरी छटेची, फुगीर लीख म्हणजे चालू कारभार. कोंडा फुंकरीने उडतो, लीख नखाने ओढून काढावी लागते. आणि नुसत्या लिखा दिसल्या म्हणून औषध लावायचं नाही. जिवंत, चालणारी ऊ सापडली तरच लावायचं. गेल्या वर्षीच्या टरफलांवर दर महिन्याला औषध ओतणारी घरं मला माहीत आहेत.

"शाळेतून आणल्यात" या वाक्याचंही उत्तर इथेच मिळतं. खाज येते ती उवेच्या चाव्याने लगेच नाही. तिच्या लाळेची ॲलर्जी तयार झाली की येते, आणि पहिल्याच वेळी उवा झाल्या असतील तर त्यासाठी चार ते सहा आठवडे जाऊ शकतात. आता हिशेब मांडा. मे महिन्यात मुलं गावी जातात, मामाच्या नाहीतर आत्याच्या घरी. आठ-दहा चुलत-मावस भावंडं एका सतरंजीवर डोक्याला डोकं लावून झोपतात, लग्नाच्या मांडवात एकमेकींच्या वेण्या घालतात. जूनच्या मध्याला शाळा सुरू होते आणि जूनच्या शेवटाला मुलगी डोकं खाजवायला लागते. ठपका कुणावर येणार? शाळेवर, आणि वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलीवर. शाळेत उवा पसरत नाहीत असं मी म्हणत नाही, पण जूनमधल्या बऱ्याच उवांचं तिकीट गावाहून निघालेलं असतं. दिवाळीच्या सुटीनंतरही थोडंफार हेच होतं.

पसरतात त्या केसाला केस भिडल्याने. एकाच मोबाइलवर तीन मुलींनी डोकी घालून रील बघणं हा आजचा सगळ्यात सोपा रस्ता. मुलग्यांना कमी होतात, पण होतच नाहीत असं नाही. विरार लोकलची भीती मला अनेक जणी बोलून दाखवतात. लेडीज डब्यात चौथ्या सीटवर बसून, कुणाच्या ओल्या केसांचं टोक गालावर झेलत प्रवास करणाऱ्या बाईला ती वाटणारच. गर्दीतल्या धक्क्याने ऊ सहसा डोकं बदलत नाही. मीरा रोडपासून विरारपर्यंत शेजारणीच्या खांद्यावर डोकं टेकून झोप काढली तर मात्र हमी देता येत नाही. कंगवा, रुमाल, उशी यांच्यातून उवा येऊ शकतात, पण हा आडरस्ता आहे. उशीचे अभ्रे आणि टॉवेल कडक गरम पाण्यात धुतले, फण्या दहा मिनिटं तशाच पाण्यात ठेवल्या की पुरे. गाद्या उन्हात टाकणं, घरभर फवारणी करणं, सोफा बाहेर काढणं ही सगळी वाया गेलेली मेहनत, आणि ज्या घरात वेळच नाही तिथे ती खास महाग पडते, कारण दमलेली आई मग फणी हातात घेत नाही.

अंथरुणातल्या उवांची ही समजूत जुनीच आहे. पंचतंत्रात मंदविसर्पिणी नावाची ऊ राजाच्या पलंगावरच्या वस्त्रात सुखाने राहत असते आणि एका आगंतुक ढेकणाच्या उतावीळपणापायी जिवाला मुकते. गोष्ट छान आहे. फक्त ती ऊ डोक्यातली नाही, कपड्यातली आहे. डोक्यातली ऊ पलंगावर सुखाने राहू शकत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर लीख आणि ऊ ही मोजमापं आहेत : आठ लिखांची एक ऊ, आठ उवांचा एक जव, आठ जवांचं एक अंगुळ. अंगुळ पाऊण इंचाचं धरून उलटा भागाकार केला तर कौटिल्याची ऊ मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच निघते. खरी ऊ दोन-तीन मिलिमीटरची असते. आठाच्या पाढ्याची सोय त्याला उवेपेक्षा प्रिय असावी. आणि चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला मेरुतुंगाने लिहिलेल्या प्रबंधचिंतामणीत गुजरातच्या कुमारपाल राजाची कथा येते, त्याच कुमारपालाची, ज्याच्या सैन्याने उत्तर कोकणचा शिलाहार राजा मल्लिकार्जुन याला हरवलं. सोपारं तेव्हा शिलाहारांच्या मुलखात होतं. अहिंसेचा कडक कायदा करणाऱ्या कुमारपालाच्या राज्यात एका धनाढ्य व्यापाऱ्याने ऊ चिरडली, तर त्याच्या संपत्तीतून पाटणला यूकाविहार बांधवून घेतला म्हणे. दोन अंगठ्यांच्या नखांमध्ये ऊ चिरडून येणारा तो बारीक 'टक्' आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना या दंडाची मौज वाटेल.

कपड्यातली ऊ आणि डोक्यातली ऊ यांची गल्लत गोष्टीत चालते, दवाखान्यात चालत नाही. दिसायला दोघी सारख्याच, पण टायफस, खंदक-ज्वर हे आजार पसरवते ती कपड्यांच्या शिवणीत राहणारी. 1909 मध्ये ट्युनिसमध्ये शार्ल निकोल या डॉक्टराने हे सिद्ध केलं. त्याच्या लक्षात आलं होतं की टायफसचा रोगी दवाखान्याच्या दाराबाहेर असेपर्यंत इतरांना आजार देतो, त्याचे कपडे काढून घेणाऱ्यांनाही देतो, पण अंघोळ घालून, दवाखान्याचे कपडे चढवून आत आणला की शेजारच्या खाटेवरच्या माणसाला काही होत नाही. मग वाटेत मागे राहिलं काय? कपडे, आणि कपड्यांतल्या उवा. 1928 चं नोबेल पारितोषिक त्याला या कामासाठी मिळालं. आपल्या मुलींच्या डोक्यातल्या उवा असा कुठला साथीचा आजार पसरवत नाहीत. त्यांचा त्रास वेगळा. खाजवून खाजवून जखमा होतात, त्यांत पू होतो, खपल्या धरतात, मानेला आणि कानामागे गाठी येतात, झोप मोडते, वर्गात लक्ष लागत नाही. पू झाला असेल तर आधी त्यावर उपचार लागतो, आणि त्यासाठी डॉक्टरकडे यावं.

घरगुती उपायांबद्दल मला थोडं कडक बोलायचं आहे. कापूर घातलेलं खोबरेल, करंजेल, कडुलिंब, वेखंडाची पूड यांनी फार काही बिघडत नाही. तेलाने उवा सुस्तावतात आणि फणीला सोपं जातं, एवढा फायदा आहेच. पण सीताफळाच्या बियांची पूड तेलात कालवून डोक्याला लावणं हे आपल्याकडचं सगळ्यात विश्वासाचं औषध, आणि तेच सगळ्यात घातक. या बियांनी उवा मरतात हे खरं आहे. त्याच बियांचा कण घामाबरोबर, धुताना पाण्याबरोबर किंवा फडक्यातून डोळ्यात गेला की बुबुळाला जखम होते. डोळा लालभडक, पाणी थांबत नाही, उजेड सोसत नाही. भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी अशा रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत केलेली आहे, आणि सीताफळाच्या हंगामानंतर असा एखादा लाल डोळा माझ्याकडेही येतो. आई तो डोळे आल्याचा समजून गुलाबपाणी घालत असते. तेव्हा डोकं कशाने धुतलं होतं हे विचारल्याशिवाय मी डोळा बघत नाही. रॉकेलबद्दल वेगळं सांगायला नको : त्वचा भाजते, वास फुप्फुसात जातो, आणि एका खोलीच्या घरात चूल नाहीतर गॅस चार हातांवर असतो. ढेकणांचं औषध, झुरळांचा खडू डोक्याला लावणारेही आहेत. ते विष आहे. डोक्याच्या त्वचेतून, विशेषतः खाजवून सोललेल्या त्वचेतून, ते अंगात जातं.

दुकानातल्या औषधांपैकी 1 टक्का परमेथ्रिन हे लहान मुलांतही वापरता येणारं आणि बऱ्यापैकी सुरक्षित. 5 टक्क्यांचं मिळतं ते खरजेसाठी. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात, तेव्हा आकडा वाचून घ्या. धुऊन, टॉवेलने टिपलेल्या केसांना मुळापासून लावायचं, दहा मिनिटं ठेवायचं, धुऊन टाकायचं. त्याने जिवंत उवा मरतात, सगळ्या लिखा मरत नाहीत. इथेच बहुतेक घरं हरतात. आज औषध लावलं, उद्या खाज थांबली, बाटली कपाटात गेली. वाचलेल्या लिखा पुढच्या आठवड्या-दीड आठवड्यात फुटतात आणि पिल्लं मोठी होऊन पुन्हा अंडी घालायला लागतात. दुसरा हात नवव्या दिवशी मारायचा तो यासाठी, की तोवर बहुतेक लिखा फुटलेल्या असतात आणि नव्या पिढीने अजून अंडी घातलेली नसतात. परमेथ्रिनला न जुमानणाऱ्या उवा अमेरिका-ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणावर सापडल्या आहेत. दोनदा नीट लावूनही चालत्या उवा दिसत असतील तर तिसरी बाटली आणू नका, डॉक्टरला विचारा. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनावर ठरवून देतात. 15 किलोच्या आतल्या मुलांना आणि गरोदर बाईला देत नाहीत, आणि कोविडच्या काळात राहिलेली पाकिटं त्यासाठी उघडू नयेत. लिंडेन, म्हणजे जुन्या लोकांना माहीत असलेलं गॅमा बेंझीन हेक्झाक्लोराइड, मज्जासंस्थेवर परिणाम करतं. 2009 मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. घरात जुनी बाटली असेल तर टाकून द्या.

आणि आता फणी. 2005 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक तुलना प्रसिद्ध झाली. काही मुलांना दुकानातलं औषध दिलं, काहींच्या पालकांना फक्त बारीक फणी देऊन ओले केस कंडिशनर लावून दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे विंचरायला सांगितलं. औषधाच्या गटात 13 टक्के मुलं उवामुक्त झाली, फणीच्या गटात 57 टक्के. फणीही सगळ्यांच्या उवा काढू शकली नाही हे विसरायचं नाही, पण कोण पुढे होतं ते स्पष्ट आहे. हे करायला बादलीभर पाणी पुरतं. सूर्या, उसगाव आणि पेल्हारच्या धरणांचं पाणी दिवसाआड येणाऱ्या चाळीतही एवढं जमतं.

करायचं असं. मुलीला खिडकीशी, उजेडाकडे पाठ करून, पाटावर बसवा. खांद्यावर पांढरा पंचा, शेजारी वाटीभर पाणी आणि पांढरा कागद. केस धुऊन, ओले असतानाच कंडिशनर भरपूर चोपडा. नसेल तर खोबरेलही चालतं, मग धुवायला जरा जास्त वेळ जातो. आधी जाड कंगव्याने गुंता काढा, नाहीतर मुलगी रडेल आणि पुढच्या वेळी बसणारच नाही. मग केसांचे बोटभर रुंदीचे भाग करा. फणीचे दात डोक्याच्या कातडीला टेकवून मुळापासून टोकापर्यंत एकच सरळ ओढ. प्रत्येक ओढीनंतर फणी कागदावर पुसा आणि बघा. चिकट पांढऱ्या मलमात अडकलेली ऊ पळू शकत नाही. हळूहळू पाय हलवत राहते. कधी पिल्लं दिसतात, मिलिमीटरभर, जवळजवळ पारदर्शक, पोटात नुकत्याच प्यालेल्या रक्ताचा ठिपका. तीच महत्त्वाची, मोठ्या उवा सगळ्यांनाच दिसतात. कानामागे आणि मानेच्या वरच्या भागात दोनदा फिरवा. तिथे ऊब जास्त, तिथेच वस्ती जास्त. बहुतेक डोक्यांवर जिवंत उवा डझन-दोन डझनच असतात, त्यामुळे पहिल्याच बैठकीत बऱ्याचशा हाती लागतात, आणि आकडा दर बैठकीला उतरताना बघणं ही मुलींना भलतीच आवडणारी गोष्ट आहे. मोजायचं काम त्यांनाच द्या.

हे एका घराचं झालं. पालघर जिल्ह्यात मात्र दुसरंही एक घर आहे, ते म्हणजे आश्रमशाळा. डहाणू, जव्हार, मोखाडा, विक्रमगडपासून आपल्या तालुक्याच्या पूर्व पट्ट्यापर्यंत शेकडो मुली वसतिगृहात राहतात, एकमेकींना लागून झोपतात, आणि त्यांची डोकी बघायला बहुधा एकटी अधीक्षिका. तिने पाच मुलींना औषध लावलं तर महिन्याभरात त्या पाचही जणी पुन्हा तिच्या समोर उभ्या असतात. अशा ठिकाणी एकच उपाय चालतो : ज्यांच्या डोक्यात जिवंत उवा आहेत त्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध, आणि नवव्या दिवशी पुन्हा सगळ्यांना. त्यासाठी बाटल्या एकदम लागतात, सुट्या सुट्या मागवून भागत नाही. शाळांत जंताच्या गोळीला 10 फेब्रुवारीचा दिवस ठरलेला आहे. उवांना असा दिवस नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत त्वचेच्या विकारांमध्ये खरूज, बुरशीचा संसर्ग आणि इसब यांची नावं आहेत, उवांचं नाही. यादीत नाव नसलं की कागदावर तो प्रश्नही नसतो. पण आश्रमशाळेत एक गोष्ट आहे जी नालासोपाऱ्याच्या चाळीत नाही : मोठ्या मुली आणि त्यांचा संध्याकाळचा वेळ. आठवी-नववीच्या मुलींना फणी धरायला नीट शिकवलं तर त्या धाकट्यांची डोकी कुठल्याही नर्सपेक्षा बारकाईने बघतात. त्या हे काम तसंही करतच असतात. आपण फक्त चांगली फणी, कंडिशनर आणि आठवड्याचे दोन ठरलेले वार द्यायचे आहेत.

वीटभट्टीवरच्या मुलांचं अवघड आहे. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडची कातकरी, वारली कुटुंबं वसई-भिवंडीच्या भट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या आधी परततात. नव्वदच्या दशकात उसगावच्या विधायक संसदेने या मुलांसाठी भट्टीवरच भोंगाशाळा काढल्या, कारण शाळेपर्यंत मूल येत नाही तर शाळेने मुलापर्यंत जायचं. उवांच्या बाबतीतही मला दुसरा मार्ग दिसत नाही. भट्टीवर पाणी विटांना लागतं, माणसांना उरेल ते. तिथे आशाताईने फणी आणि तेलाची बाटली घेऊन जावं, मुलींच्या आयांना हातात हात धरून दाखवावं, आणि साबण-शांपूचं व्याख्यान घरी ठेवून यावं. उवा घाणीने होत नाहीत. स्वच्छ धुतलेला केसही त्यांना तितकाच चालतो.

एवढं सगळं माहीत असून मुलीला अपमान मात्र मिळतोच. एका शाळेने चौथीतल्या मुलीला प्रार्थनेच्या रांगेतून बाजूला काढून, सगळ्यांसमोर डोकं बघून, घरी पाठवल्याचं तिच्या आजीने मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आजीने तिचं मुंडण केलं आणि मुलगी पंधरा दिवस शाळेत गेली नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने कितीतरी वर्षांपूर्वी स्पष्ट म्हटलं आहे की उवा किंवा लिखांपायी कुठल्याही निरोगी मुलाला शाळेबाहेर ठेवू नये. कारण सोपं आहे : ज्या दिवशी उवा दिसल्या त्या दिवशी त्या होऊन महिना झालेला असतो, आज दुपारी घरी पाठवून काय वाचणार? शाळा सुटताना आईच्या हातात चिठ्ठी द्यावी, तिच्यात मुलीचं नाव बाकीच्यांना दिसू नये, आणि चिठ्ठी वर्गातल्या सगळ्याच पालकांना द्यावी. मुंडणाने उवा जातात, यात वाद नाही. पण लांब केस ही त्या वयाच्या मुलीच्या मालकीची एकमेव गोष्ट असू शकते, आणि दोन आठवड्यांच्या फणीने जे होतं त्यासाठी ती हिरावून घ्यायचं कारण नाही.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरचं कोष्टक फाडून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावं. त्यात तारीख, सापडलेल्या उवा आणि 'डोकं कुणी बघितलं' असे तीन रकाने आहेत. तिसरा रकाना माझ्या आग्रहावरून आला. चाचणी म्हणून काही घरांना कोष्टक दिलं होतं, ते परत आलं तेव्हा त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'आई' लिहिलेलं होतं, एका घरात 'आजी'. बाबांना उवा दिसत नाहीत असा एक समज या शहरात पक्का आहे. तो तपासून बघायला हवा. रात्रपाळी करून दुपारी घरी असणारे वडील वसईच्या कारखान्यांच्या पट्ट्यात हजारोंनी आहेत, आणि नालासोपारा स्टेशनबाहेरच्या रिक्षा दुपारी दोन ते चार बऱ्याचदा उभ्याच असतात. त्या वेळी मुली शाळेतून आलेल्या असतात, खिडकीत ऊन असतं, आणि उवा बघायला उन्हाइतका चांगला उजेड नाही. जवळचं दिसत नसेल तर चष्मा लावावा.